शिवणीतली माया

लाँड्रीच्या काउंटरवर उभ्या राहणाऱ्या बाईला लोकांच्या घरातलं सगळं कळतं, असं आई म्हणायची. कोण आजारी आहे, कोण नोकरी गमावून बसलंय, कुणाच्या खिशात भलत्याचाच रुमाल निघाला, हे कपडे न विचारता सांगतात. त्यामुळे हातात आलेला कपडा उलटा करून बघायची तिला सवयच लागली होती.

याच सवयीतून तिला तिचा छंद लागला. एक म्हातारी गिऱ्हाईक एकदा कागदात गुंडाळलेला लहान मुलीचा झगा घेऊन आली. तो तिच्या आजीने लहानपणी घातलेला होता. मशीनमध्ये टाकला तर चिंध्या होतील म्हणून मालकाने हात वर केले. तेव्हा आईने तो घरी नेला, तान्ह्या बाळाला घालावी तशी कोमट पाण्यात त्याला आंघोळ घातली आणि टॉवेलवर उलटा पसरून ठेवला. मग ती त्याच्याजवळून हललीच नाही. सगळं काम हाताचं होतं. काजं इतकी बारीक की डोळे ताणून बघावी लागत. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड राखून ठेवतात त्याला शिवणकामात माया म्हणतात. हल्लीच्या तयार कपड्यांत ती नावालाच असते. या झग्याच्या दोन्ही कुशींना चांगली दोन दोन बोटं माया होती, आणि खाली घेराला एकीवर एक अशा आडव्या दुमडी घालून शिवल्या होत्या. पोर वाढेल तशी एकेक दुमड उसवायची, की झगा तेवढा खाली उतरणार. त्यातली एक दुमड कधीकाळी कुणीतरी उसवली होती. तिथल्या पट्ट्याचा रंग इतर कापडापेक्षा गडद राहिला होता.

आईने तो पट्टा बाबांना दाखवला. बाबा लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत मिस्त्री होते आणि नुकतेच दिवसभर एका उंच इमारतीच्या लिफ्टखालच्या खड्ड्यात बसून आले होते. ते म्हणाले, फार छान, आणि माझ्या पँटचं बटण कधी लागणार?

पँटचं बटण लागलं, पण आई त्या झग्यातून बाहेर आली नाही. ती ग्रंथालयातून पोशाखांची जाडजूड पुस्तकं आणू लागली. संग्रहालयातल्या काचेच्या कपाटाला नाक लावून बाही कुठून वळवलीय ते बघू लागली, इतकं की तिथला पहारेकरी तिला ओळखायला लागला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर जेवणाच्या ताटांच्या जागी कपड्यांचे बेत कापलेले खाकी कागद पसरले. शिवणयंत्र खिडकीखाली होतं, पण जुन्या काळचे कपडे ती हातानेच शिवायची. धावदोरा, उलटी टीप, तुरपाई, सगळं हाताने. मोठ्यांचे कपडे तिने कधी केले नाहीत. ती म्हणायची, मोठ्या माणसांचे कपडे चारचौघांत मिरवायला असतात, लहान मुलांच्या कपड्यांत मात्र कुणीतरी कुणाचीतरी काळजी केलेली असते. हे वाक्य तिने नंतरच्या आयुष्यात पुन्हा कधी उच्चारलं नाही.

पहिली पाळी दादाची आली. पूर्वी मुलगेही शाळेत जायच्या वयापर्यंत झगेच घालायचे, हे तिने त्याला नीट समजावून सांगितलं. त्याला ते पटलंही. खालच्या मजल्यावरच्या मुलांना पटलं नाही. त्या दिवसापासून मापाची टेप दिसली की दादा बाथरूममध्ये शिरून आतून कडी लावायचा.

दादाच्या पाठीवर चार वर्षांनी मुलगी झाली. बाबांनी तिला हातात घेतलं आणि म्हणाले, ही तर टाचणी आहे. तेव्हापासून तिचं खरं नाव फक्त शाळेत उरलं. सुरुवातीची वर्षं टाचणी चारचौघींसारखीच वाढली, धडपडली, भिंतींवर रेघोट्या ओढल्या. पहिलीच्या वर्गात जाईपर्यंत तीही माप द्यायला कुरकुर करायची. मग हळूहळू शांत झाली. आईला वाटलं, समज आली.

टाचणीसारखं पोर कपडे बेतायला मिळणं म्हणजे भाग्यच होतं. स्टुलावर उभी केली की उभीच. अंगावर कच्चे टाके घालून होईपर्यंत ती पापणीसुद्धा हलवायची नाही. टाचणी टोचली तरी नुसती आईकडे बघायची. शनिवारी दुपारी खालच्या अंगणात पोरांचा दंगा चाललेला असायचा आणि ही आईच्या पायाशी बसून बटणांच्या डब्यातली बटणं रंगांप्रमाणे लावत असायची. आईने तिच्यासाठी जुन्या धाटणीचा लोकरी कोट शिवला, तर ती घरातही तो काढायला तयार होईना. बाकीचे पंखा लावून बसायचे आणि टाचणी कोटाची सगळी बटणं लावून. आई बाबांना कौतुकाने सांगायची, बघा, हिला तरी माझ्या कामाची कदर आहे.

घरात तिच्यावरून थट्टा चालायची, पण ती प्रेमाची. सकाळी ती बाथरूममध्ये गेली की बाहेर यायचीच नाही, दादा दार बडवून बडवून थकायचा आणि शाळेला उशीर झाला की तिच्या नावाने खडे फोडायचा. तिचा चेहरा गोल, गुबगुबीत होत गेला तेव्हा बाबा म्हणाले, टाचणीचं डोकं मोठं झालं. शाळेतल्या बाई म्हणायच्या, हळू काम करते पण त्रास म्हणून नाही. सगळ्यांनाच ती आवडायची, कारण ती कुणाच्या मध्ये यायची नाही.

जुन्या पोशाखांची आवड असणाऱ्यांचं एक मंडळ होतं. महिन्यातून एका रविवारी ग्रंथालयाच्या वरच्या हॉलमध्ये सगळे जमायचे आणि वर्षातून एकदा प्रदर्शन भरवायचे. प्रदर्शनात मुलं ते कपडे घालून लोकांपुढून चालत जायची. मंडळ चालवणाऱ्या बाईंना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्या नाटकांचे पोशाख करून निवृत्त झाल्या होत्या आणि कुणाचं कौतुक करायचं तर त्यांच्या जिवावर यायचं. पण टाचणीला बघून त्या विरघळल्या. जुन्या फोटोंमधल्या मुलांचे चेहरे असेच असतात, असे भरलेले आणि गंभीर, हल्ली असा चेहरा मिळत नाही, असं त्या म्हणाल्या. तेव्हापासून रांगेत शेवटी टाचणी चालायची, सगळ्यांच्या नजरा जिच्यासाठी थांबलेल्या असतात त्या जागी.

एका रविवारी तिथे एक बाई रडकुंडीला आली होती. तिने सहा महिने खपून लेकीसाठी झगा शिवला आणि तेवढ्यात लेक ताडमाड वाढली, आता बाह्या कोपरावर येत होत्या. आई हसून म्हणाली, "माझी टाचणी वाढतच नाही बघा. नशीब काढलंय मी."

सगळ्या हसल्या. टाचणी तिथेच खुर्चीवर कोट घालून बसली होती. तीही हसली.

टाचणी अकरा वर्षांची झाली त्या वर्षी आत्या राहायला आली. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण, बँकेत नोकरीला. तिच्या नवऱ्याची लांब बदली झाल्यामुळे चार वर्षांत तिचं येणं झालं नव्हतं. बरोबर तिची मुलगी होती. ती आणि टाचणी वयाने दोन महिन्यांच्या अंतराने. मागच्या खेपेला दोघींनी एकमेकींचे कपडे अदलाबदल करून घातले होते आणि बाबा मुद्दाम एकीला दुसरीच्या नावाने हाक मारत होते. आता दार उघडलं तर आत्याच्या मुलीने समोर बघून, "टाचणी कुठंय?" असं विचारलं. टाचणी समोरच उभी होती. आत्याच्या मुलीची नजर मामेबहिणीला जरा वरच्या उंचीवर शोधत होती, इतकंच.

आत्या पहिल्या दिवशी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आई तिला उत्साहाने प्रदर्शनाचे कपडे दाखवत होती. त्यात तो निळ्या चौकटींचा झगा होता, म्हातारीच्या झग्यावरून आईने बेतलेला, तिच्या हातचं सगळ्यात सुंदर काम. आत्याने तो हातात घेतला, उलटा केला आणि घेरावरून बोट फिरवलं.

"वहिनी, मी मागे आले होते तेव्हा हाच शिवत होतीस ना?"

आई म्हणाली, हाच. मग दुमडी कशासाठी असतात, पोर वाढली की त्या कशा एकेक करून सोडतात, हे तिने मन लावून सांगितलं.

"मग यातली एकही सोडलेली नाही," आत्या म्हणाली.

आईच्या ओठांवर काहीतरी उत्तर आलं होतं. ती म्हणणार होती की टाचणी कपडे जपून वापरते. पण ते उत्तर प्रश्नाचं नव्हतं, हे तिलाच ऐकू आलं. आत्याने विचारलं, डॉक्टरला दाखवलं होतंस का. आई एकदम तडकली. आमच्याकडे सगळे बुटकेच आहेत, तुझा भाऊ काय ताडाचं झाड आहे का, आणि पोर हसतीखेळती आहे, तुला काय खुपतंय, असं बरंच काही बोलली. त्या दुपारी आत्याने टाचणीचा हात आपल्या हातात घेतला आणि आईच्या हातात दिला. हात गार होता आणि कातडी कोरडी, खरखरीत. बाहेर ऊन मी म्हणत होतं.

डॉक्टर तरुण होते आणि घाईत नव्हते. त्यांनी आईला एकेक प्रश्न विचारला. हिला थंडी जास्त वाजते का? पोट साफ होतं का? लवकर दमते का? खेळायला जाते का? आई प्रत्येकाला हो किंवा नाही म्हणत गेली. जसजशी उत्तरं देत गेली, तसतसा तिचा आवाज खाली खाली गेला. लोकरीचा कोट, बाथरूमचं बंद दार, स्टुलावर पुतळ्यासारखं उभं राहणं, बटणांच्या डब्याशी शांत बसणं. टाचणीचे म्हणून जे जे गुण ती मंडळात सांगायची, ते डॉक्टर एकापाठोपाठ एक विचारत होते. रक्त तपासलं, तर गळ्यातली ग्रंथी काम करत नव्हती. हाताचा एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो दिव्यावर धरून दाखवला. अकरा वर्षांच्या मुलीची हाडं सात वर्षांच्या मुलीच्या हाडांसारखी दिसत होती.

"एक गोळी," डॉक्टर म्हणाले. "रोज सकाळी, उपाशीपोटी. थायरॉइडची. दुसरं काही नाही."

आईने विचारलं, आणि उंची?

"थोडी भरून निघेल. सगळी नाही. तीन वर्षांपूर्वी आणलं असतंत तर वेगळं बोललो असतो."

बाहेर बाकावर टाचणी आपल्या बुटांकडे बघत बसली होती. बरोबर आलेल्या बाबांनी आईला जरा बाजूला घेतलं. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. ते म्हणाले, "सतत टेप असते तुझ्या हातात. तुला कळलं नाही?"

कळलं नव्हतं असं आईला म्हणता येईना. तिला कळलं होतं, आणि बरं वाटलं होतं. हॉलमध्ये ती तेच तर मोठ्या तोंडाने सांगत होती.

पुढच्या काही आठवड्यांत ही हकीकत नात्यात सगळीकडे पोहोचली, आणि बाबांच्या तोंडून जशी निघाली तशीच पोहोचली. हिच्या शिवणकामापायी पोरीची उंची गेली. लोक फोन करायचे, टाचणीची चौकशी करायचे आणि फोन ठेवताना आईला सांगायचे की मनाला लावून घेऊ नकोस. दादा तेव्हा पंधरा वर्षांचा होता. तो एकदा जेवताना म्हणाला की हिची उंची वाढत नाही हे मी कितीदा बोललो होतो. तो बोलला होता हे खरं होतं. तो विनोद म्हणून बोलला होता आणि सगळे विनोद म्हणूनच हसले होते, पण आता तो एकटाच शहाणा ठरला.

गोळीने मात्र आपलं काम केलं, आणि ते कुणाला वाटलं होतं त्यापेक्षा लवकर केलं. टाचणीच्या चेहऱ्यावरची सूज उतरली, गाल आत गेले, हात उबदार झाले. कोट खुंटीवर गेला तो गेलाच. ती पळू लागली. जिने दोन दोन पायऱ्या गाळून चढू लागली. भराभर बोलू लागली, दुसऱ्याचं बोलणं मध्येच तोडू लागली, दारं आपटू लागली. शाळेतून पहिल्यांदाच तक्रार आली. बूट तोकडे पडले तेव्हा बाबांनी तिला खांद्यावर घेऊन घरभर फिरवलं. आईलाही आनंद झाला. कुणीही काही म्हणो, तो आनंद खराच होता. या घरात एक नवीन मुलगी आली होती आणि तिला आईने ओळखून घ्यायचं होतं.

आईने ओळख करून घ्यायचा तिला जमणारा एकच मार्ग धरला. तिने नवीन कापड आणलं, चांगलं मऊ सुती, आणि टाचणीला स्टुलावर उभं केलं. टाचणी एका पायावर उभी राहिली, मग दुसऱ्या. हात खाजवला. वळून खिडकीबाहेर बघितलं. आईच्या तोंडात टाचण्या होत्या. ती म्हणाली, नीट उभी राहा ना गं, पूर्वी कशी उभी राहायचीस.

टाचणी स्टुलावरून खाली उतरली. अंगावरचं अर्धवट टाके घातलेलं कापड तिने डोक्यावरून ओढून काढलं, तेव्हा दोन टाके तुटले.

"तेव्हा मला हलायची ताकद नव्हती," ती म्हणाली.

त्यानंतर आईने तिचं माप घेतलं नाही. मंडळात ती आणखी एकदा गेली. मोठ्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि हळहळल्या. मग थोडं थांबून म्हणाल्या की तो चेहरा मात्र पुन्हा मिळायचा नाही. आई तिथून उठली आणि पुन्हा त्या हॉलमध्ये गेली नाही. कपडे तिने जुन्या चादरीत बांधून माळ्यावर टाकले. हातांना काम हवं म्हणून ती लाँड्रीत दुपारचीही पाळी करू लागली.

लाँड्रीतच तिला एक गोष्ट समजली. वर्षभराने असेल, टाचणीच्या शाळेतल्या खेळाच्या बाई मुलींच्या संघाचे गणवेश धुवायला घेऊन आल्या. त्यांनी आईला ओळखलं आणि टाचणी आता कशी मस्त पळते ते कौतुकाने सांगितलं. मग सहज बोलून गेल्या, "मी तर तुमच्या मिस्टरांना तेव्हाच म्हटलं होतं, ही वाढत नाहीये, डॉक्टरांना दाखवा. शाळेच्या फाटकाशी दोनदा म्हटलं. दोन्ही वेळा ते हसले, म्हणाले, आमच्याकडे सगळे बुटके."

आईने गणवेश मोजून घेतले, पावती फाडली, बाईंना बाहेर जाऊ दिलं. मग आत जाऊन तो गठ्ठा तिने पुन्हा पहिल्यापासून मोजला.

संध्याकाळी बाबा मोरीत हाताचं ग्रीस काढत होते. त्यांना त्याला वेळ लागायचा, साबणाची पूड आणि ब्रश घेऊन कोपरापर्यंत घासावं लागायचं. आई दारात उभी राहिली आणि तिने विचारलं, की खेळाच्या बाईंनी काही सांगितलं होतं का. ब्रश थांबला नाही, पण सावकाश झाला. बाबा म्हणाले, हो, काहीतरी बोलल्या होत्या. तुला सांगितलं असतं तर तू उगाच काळजी करत बसली असतीस.

"आणि डॉक्टरांकडे? बाहेर आल्यावर मला जे बोललात ते?"

बाबांनी हात पाण्याखाली धरले. मग म्हणाले, "मी दिवसभर बाहेर असतो. ती तुझ्याजवळ असायची."

आई म्हणाली की बाईंनी तुम्हाला आधीच सांगितलं होतं, एवढं तुमच्या बहिणीला फोन करून सांगा. फक्त तिला. बाबा हो म्हणाले. त्यांनी तो फोन कधी केला नाही. आईने दोन-तीनदा आठवण करून दिली, मग सोडून दिली. ती स्वतः सांगू शकली असती. पण बायकोने आपल्या तोंडाने सांगितलेलं ते कुणी खरं धरलं नसतं. लोक म्हणाले असते, आता नवऱ्यावर ढकलते. आणि मुलीला सांगायचं तर तिच्याकडून बापही काढून घ्यायचा. आईने ते गिळलं. तिला वाटायचं की आपण हे मुलीसाठी करतोय. त्यात तिला थोडा आधारही वाटायचा.

टाचणी मोठी झाली. जेवढी वाढायची तेवढी वाढली आणि पंधराव्या वर्षी थांबली. पाहुण्यांच्या घरी तिला अजून लहान मुलांच्या खोलीत पाठवत. कपड्यांच्या दुकानात तिला मुलांच्या विभागातच माप सापडायचं, तिथे झालरी आणि ससे-मांजरांची चित्रं नसलेला शर्ट शोधायला तिचा अर्धा दिवस जायचा. आई बरोबर येऊ का म्हणाली की ती नको म्हणायची.

बाबांशी मात्र तिचं जमायचं. सुट्टीत ती त्यांच्याबरोबर कामावर जायला लागली. मोटर, दोरखंड, लिफ्टचा वेग आवरणारा गव्हर्नर, तिला सगळं पटापट समजायचं. शाळा संपल्यावर तिने कारागिरीच्या शाळेत दोन वर्षं काढली आणि बाबांच्याच कंपनीत लागली. दादा तोवर नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला होता. रात्रीच्या जेवणाला तिघंच असायची, आणि त्यातली दोघं लिफ्टबद्दल बोलायची.

एका रविवारी बाबांचे दोन सहकारी घरी चहाला आले. बाबा रंगात आले होते. लेक कशी तयार झालीय ते सांगत होते. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली लिफ्ट, वरची फट हातभर, कुणालाच आत शिरता येईना, आणि टाचणी कशी मांजरासारखी आत सरकली. बाबांनी मांडीवर थाप मारली.

"अडचणीच्या जागी माझी टाचणीच लागते. वाढली नाही तेच बरं झालं."

सहकारी हसले. टाचणीही हसली. आई हातात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिने ट्रे टेबलावर ठेवला, कप सगळ्यांपुढे सरकवले आणि स्वयंपाकघरात गेली.

पाहुणे गेले, बाबा त्यांना पोचवायला खाली उतरले, तेव्हा टाचणी कप घेऊन आत आली. आई तिला म्हणाली की मला तुला एक गोष्ट सांगायचीय, आणि इतकी वर्षं गिळून ठेवलेलं सगळं तिने एका दमात सांगितलं. खेळाच्या बाई, शाळेचं फाटक, दोनदा सांगितलेलं, मोरीतलं बोलणं, न केलेला फोन. तिला वाटत होतं की आता काहीतरी कोसळेल. आपण हे बोलायला नको होतं असंही वाटत होतं, आणि फार पूर्वीच बोलायला हवं होतं असंही.

टाचणीने कप विसळायला घेतले.

"माहितेय मला," ती म्हणाली. "बाईंनीच सांगितलं होतं. दहावीत असताना."

आईने विचारलं, "आणि तरी तू बाबांना काही बोलली नाहीस?"

"काय बोलू? त्यांनी माझ्याकडे बघितलंच नव्हतं. न बघणाऱ्या माणसाला काय म्हणायचं?" टाचणीने नळ बंद केला. "तू बघायचीस. रोज बघायचीस. आणि तुला ते आवडायचं."

आई म्हणाली की मी तुझ्यावर जीव टाकत होते.

"माझ्यावर नाही." तिचा आवाज रागाचा नव्हता. एखादं यंत्र का बंद पडलं ते समजावून सांगावं तशी ती सांगत होती. "तुला आवडायची ती मी नव्हते, आई. तो आजार होता. मी बरी झाले आणि तुझी ती गेली. तू अजून तिलाच शोधतेस, मला दिसतं ते."

बाबा जिना चढत येत होते. टाचणीने हात पुसले आणि बाहेर जाऊन त्यांना विचारलं की उद्या कुठली साइट. आईने कप पुसून फडताळात लावले. त्या दोघांचं बोलणं तिला भिंतीपलीकडून ऐकू येत होतं, नेहमीचं, मोटरीचं आणि दोरखंडाचं. तिला रडू आलं नाही. मुलीचं म्हणणं खोटं आहे असं म्हणता आलं असतं तर कदाचित आलं असतं.

त्यानंतर त्या विषयावर घरात कुणी बोललं नाही. टाचणी आईशी वाईट वागायची नाही. औषधं आणून द्यायची, पाठ दुखली तर बादली उचलायची, पगारातून तिच्यासाठी एकदा चांगल्या चपला घेऊन आली. शेजारीपाजारी म्हणत, मुलगी गुणी आहे.

कंपनीने पुढच्या वर्षी सगळ्यांना नवीन गणवेश दिले, जाड निळ्या कापडाचे. सगळ्यात लहान मापाचाही टाचणीला पायात लोळत होता. दोन दिवस ती पँटचे पाय वर दुमडून कामावर गेली. आईने ते बघितलं होतं. तिने सुईदोरा काढून खिडकीपाशी ठेवला, दिवा जवळ ओढून घेतला आणि वाट बघितली. तिसऱ्या दिवशी गणवेश घरात दिसला नाही.

चौथ्या दिवशी आई लाँड्रीतून परतत होती, तेव्हा कोपऱ्यावरच्या शिंप्याने तिला हाक मारली. त्याचं दुकान म्हणजे जिन्याखालची जागा, एक मशीन आणि एक स्टूल. त्याने निळा गणवेश घडी घालून कागदी पिशवीत भरला, लेकीला द्या म्हणाला, पैसे तिने आधीच दिलेत. मग चष्मा कपाळावर चढवून त्याने जरा नवलाने विचारलं, "ताई, तुमच्या घरात मशीन आहे, तुमच्या हाताची एवढी तारीफ ऐकतो. एवढंसं काम आणि माझ्याकडे?"

आईने पिशवी घेतली.

"मला वेळ कुठे असतो," ती म्हणाली आणि घराकडे निघाली.